मारिओचा मुळशी पाठ

गेल्या पावसाळ्यात पुतण्याने पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक खेळणं आणलं. तळहातात मावणारं, तीन इंची पडदा, मागे जुन्या मोबाइलला असायची तशी चपटी बॅटरी आणि खोक्यावर ‘४०० इन १’ असा दावा. चारशेच्या यादीत मारिओ होता. ‘‘काका, हे तुम्ही खेळायचात ना?’’ असं म्हणून त्याने ते माझ्या हातात दिलं. मी खेळायचो, आणि बरा खेळायचो. म्हणून जरा ऐटीतच सुरू केलं. पहिल्या जगाच्या तिसऱ्या टप्प्यात, जिथे झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारत जायचं असतं, तिथे मी अकरा वेळा पडलो. पुतण्या काही बोलला नाही. ते जास्त लागलं.

पहिला विचार वयाचा आला. पंचावन्न झाली, डोळ्यांना चष्मा आहे, अंगठा सकाळी आखडतो. पण पडण्याची तऱ्हा विचित्र होती. मी कधी लवकर, कधी उशिरा चुकत नव्हतो. प्रत्येक वेळी उशिराच, आणि तेही जवळपास सारख्याच फरकाने. म्हाताऱ्या हाताची चूक इतकी नियमित नसते. पौडला मी बरीच वर्षं टीव्ही दुरुस्तीचं काम केलं आहे. नियमित चूक दिसली की आधी माणसावर नव्हे, यंत्रावर संशय घ्यायचा, ही त्या धंद्याची शिकवण. पोथ्यांची पाठचिकित्सा मी पुढे आपली आपण वाचून शिकलो. तिथेही तेच आहे. एखाद्या नकलकाराची चूक नियमाने येत असेल, तर ती चूक नसून त्याच्यासमोरचा पाठच वेगळा असण्याची शक्यता अधिक. या लेखात त्या वेगळ्या पाठाचा शोध आहे.

आधी मूळ संहितेविषयी. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ निन्टेन्डो कंपनीने १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये आणला. रचना शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांची, संगीत कोजी कोंदो यांचं. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस. हा सगळा ऐवज ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे: ३२ कार्यक्रमाचे, ८ चित्रांचे. वाचकांना अंदाज यावा म्हणून सांगतो, हा लेख संगणकावर देवनागरीत साठवला तर साधारण तेवढीच जागा घेईल. इतक्या थोड्या जागेत जग उभं करायचं तर काटकसर आलीच. आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे, एकदा पांढरी, एकदा हिरवी. मारिओला मिशी आणि टोपी का, तर १९८१च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा इतक्या कमी ठिपक्यांत तोंड आणि केस काढणं जमत नव्हतं.

पण खरी थोरवी काटकसरीत नाही, पहिल्या पडद्यात आहे, आणि तिथे थोडं थांबायला हवं. मारिओ डावीकडे उभा, तोंड उजवीकडे, पुढे मोकळी जागा. कुठे जायचं हे सांगावं लागत नाही. पुढे गेलं की चमकणारी प्रश्नचिन्हाची पेटी दिसते आणि समोरून एक तपकिरी, भुवया आवळलेला प्राणी येतो. त्याला धडकलात की मेलात. दुसऱ्या खेपेला उडी मारता, आणि उडी मारताना कधी तो पायाखाली चिरडतो, कधी पेटीला डोकं लागतं. पेटीतून निघालेली अळंबी उजवीकडे घरंगळते, पाइपाला आपटते आणि उलटून तुमच्याकडे येते. नुकतेच तशाच दिसणाऱ्या प्राण्याने मेलेले तुम्ही तिला चुकवायला जाता, पण वर विटा आहेत, डोकं आपटतं आणि तुम्ही तिच्यावरच पडता. मरण्याऐवजी मोठे होता! ही रचना जाणूनबुजून केलेली आहे, हे मियामोतो यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. एक अक्षरही न लिहिता चार-पाच नियम शिकवणारं असं प्रास्ताविक आपल्या पाठ्यपुस्तकांत मला क्वचितच भेटलं.

आपल्याकडे या गोष्टीचं महत्त्व जास्त, कारण आपल्याकडे हा खेळ पुस्तिकेविना आला. नव्वदच्या दशकात पुण्या-मुंबईच्या बाजारात ‘समुराई’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांची यंत्रं दिसत. त्यातली बहुतेक निन्टेन्डोच्या १९८३च्या ‘फॅमिकॉम’ यंत्राच्या नकला. त्यात घालायच्या पिवळ्या-निळ्या प्लॅस्टिकच्या चकतीवजा पेटीला सगळा महाराष्ट्र ‘कॅसेट’ म्हणायचा. ती लागली नाही की काढायची, फुंकर मारायची, परत घालायची. (फुंकरीने काही होत नसे. काढून परत घातल्याने जोड नीट बसे. उलट तोंडातल्या ओलीने पितळी पट्ट्या खराब होत. पण हे तेव्हा कुणाला सांगणार?) माहितीपत्रक नाही, कथा नाही. पौडला एका घराच्या ओसरीवर तासाला पाच रुपयांनी हा खेळ मिळे, आणि यंत्र बिघडलं की मी ते उघडत असे. तिथल्या पोरांनी मारिओला गवंडी ठरवलं होतं, कारण तो विटा फोडतो. किल्ल्याच्या शेवटी जो टोपीवाला बुटका भेटतो, तो राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात आहे असं इंग्रजीत सांगतो. ते वाक्य वाचता न आल्याने एका मुलाने त्याला राजकन्येचा धाकटा भाऊ केला होता. दर वेळी राजकन्येऐवजी भाऊच का सापडतो, याचं उत्तरही त्याच्याकडे होतं: बहिणीला त्यानेच लपवलं आहे. टीका म्हणून हे वाईट नाही.

आता पाठभेदाकडे येऊ.

आपला दूरचित्रवाणी संच ‘पाल’ पद्धतीचा. भिंतीवरच्या पालीचा संबंध नाही. प्रक्षेपणाच्या पद्धतीचं ते लघुनाव. तिच्यात पडद्यावर ६२५ रेषा आणि सेकंदाला पन्नास वेळा चित्र आखलं जातं. जपान आणि अमेरिकेच्या पद्धतीत ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे साठ वेळा. पन्नासचा आकडा आला विजेच्या पुरवठ्यातून. आपल्या तारांतली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, तिच्याशी जुळवून टीव्ही. जाता जाता सांगतो, माझ्या गावावरून जाणाऱ्या तारा पाहिल्या की मला हे नेहमी आठवतं. मुळशी धरणाचं पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून वीज करतात. त्या धरणासाठी गावं बुडाली, आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. मुळशी म्हटलं की हल्ली लोकांना सिनेमा आठवतो, म्हणून हे लिहिलं.

मारिओचा सगळा कारभार चित्रांच्या मोजणीवर चालतो. प्रत्येक चित्रागणिक मारिओ किती सरकणार, उडीत किती चढणार, हे ठरलेलं. घड्याळसुद्धा तसंच: वरच्या कोपऱ्यातला ४००चा आकडा दर चोवीस चित्रांनी एकने उतरतो. म्हणजे ४०० ते शून्य व्हायला ९,६०० चित्रं लागतात. सेकंदाला साठ चित्रं असतील तर २ मिनिटं ४० सेकंद, पन्नास असतील तर ३ मिनिटं १२ सेकंद. निन्टेन्डोने युरोपच्या पाल टीव्हींसाठी खेळाची वेगळी आवृत्ती केली आणि तिच्यात वेग सावरून घेतला. नक्कल करणाऱ्यांनी हा त्रास घेतला नाही. त्यांनी यंत्र पन्नासचं केलं आणि कॅसेट साठचीच ठेवली. त्यामुळे त्यांच्यावरचा मारिओ एक षष्ठांशाने संथ चालला.

गणित कागदावर ठीक. मोजून पाहायला हवं होतं. माळ्यावर माझ्या कामाच्या खोक्यात एक जुनं यंत्र होतं, कुणाचं तरी दुरुस्तीला आलेलं आणि परत न नेलेलं. दोन कपॅसिटर बदलले, ॲडॉप्टर शोधला, जुना एकवीस इंची टीव्ही पुसून लावला. मोजायची पद्धत सोपी आहे. पहिला टप्पा सुरू करायचा आणि जागेवर उभं राहायचं. हललं नाही तर समोरचा प्राणी येतच नाही. आकडा उतरत राहतो, शंभर उरले की संगीत धावू लागतं आणि शून्याला मारिओ मरतो. पुतण्याने मोबाइलवर वेळ लावली. हातातल्या खेळण्यावर तिन्ही वेळा दोन मिनिटं चाळीसच्या आसपास, टीव्हीवर तिन्ही वेळा तीन मिनिटं बाराच्या आसपास. मग मी त्या टीव्हीवर तिसऱ्या टप्प्यात शिरलो आणि दुसऱ्या प्रयत्नात पार झालो.

आनंद झाला, खोटं का बोला. पण तो फार टिकला नाही, कारण याचा दुसरा अर्थ लगेच समोर आला. ‘लहानपणी मी मारिओ संपवला होता’ असं सांगणारी माणसं आपल्या प्रत्येक कुटुंबात आहेत. त्यातल्या ज्यांनी तो अशा यंत्रावर संपवला, त्यांना प्रत्येक उडीला मूळ खेळाडूपेक्षा एक पंचमांश वेळ जास्त मिळत होता. आपण सोपा पाठ वाचला होता.

आवाजाचंही तेच. मूळ खेळात कोंदो यांनी दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी लहर आणि एक खरखर एवढंच सामान वापरलं. नकलांमध्ये चिपाची घड्याळगती जवळजवळ मूळचीच राहिल्याने सूर फारसा हलला नाही, पण लय चित्रांच्या मोजणीला बांधलेली असल्याने उतरली. ज्याला आपण मारिओची चाल म्हणून गुणगुणतो, ती मूळ द्रुत रचनेची मध्य लयीतली आवृत्ती आहे. शिवाय अनेक नक्कल-चिपांत चौकोनी लहरीची रुंदी ठरवणाऱ्या दोन खुणांची अदलाबदल झालेली होती, त्यामुळे आवाजाचा पोतही बदलला. खेळणं आणि जुना टीव्ही शेजारी ठेवून ऐकलं तेव्हा चाल एकच, गवई दोन, असं वाटलं. कोणता गवई माझा, हे सांगायला मला क्षणही लागला नाही.

इथे प्रश्न उभा राहतो तो प्रामाण्याचा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम घेतलं आणि ते १९६६ मध्ये पूर्ण झालं. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी आदिपर्व सिद्ध करताना, गणपतीने व्यासांचा लेखनिक होऊन महाभारत लिहिलं ही कथा मूळ संहितेतून काढून परिशिष्टात घातली. हस्तलिखितांचा पुरावा तेच सांगत होता, आणि सुखटणकर बरोबरच होते. पण म्हणून महाराष्ट्रातल्या कुठल्या घरात गणपतीच्या हातातली लेखणी गळून पडली? क्षेपक म्हणजे खोटं नव्हे. कुणीतरी कुठेतरी तो पाठ खरा मानून ऐकला, याचा तो पुरावा असतो. संथ मारिओ हे आपलं क्षेपक आहे. निन्टेन्डोच्या इतिहासात त्याला जागा नाही, आणि नसावी. आपल्या इतिहासात मात्र तोच मूळ पाठ आहे. ज्यांनी ही यंत्रं उघडून पाहिली त्यांनी ते नोंदवायला हवं होतं. मीही नोंदवलं नाही.

स्मरणरंजनाबद्दल माझी तक्रार इथेच आहे. दरवर्षीच्या अंकांत नव्वदच्या दशकावर लेख येतात. त्यांत चित्रहार असतो, पेप्सीकोला असतो, भाड्याची सायकल असते, आणि एका ओळीत मारिओ आणि काँट्राही असतात. वस्तूंची यादी होते. वस्तू चालत कशा होत्या, किती वेगाने चालत होत्या, हाताला कशा लागत होत्या, हे त्यात नसतं. लेखक आठवतो ते चित्र. पण या खेळाची आठवण चित्रात राहतच नाही.

आमच्या तालुक्यात याचं जुनं उदाहरण आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगराळ गावांपासून सुरुवात करून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या कामाच्या प्रभावाखाली मीही टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या आत्याकडे गेलो होतो. ‘‘आत्या, ओवी सांग,’’ म्हटलं तर तिला एकही सांगता येईना. ‘‘अरे, अशी कशी सांगू?’’ म्हणाली. शेवटी जात्याजवळ बसली, खुंट्याला हात लावला, आणि तासभर थांबली नाही. जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण मी तोवर अलंकारिक समजत होतो. ती शब्दशः खरी आहे. तसंच, पहिल्या टप्प्यात जादा लाइफ देणारी अदृश्य पेटी कुठे आहे असं मला पुतण्याने विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. खेळायला घेतलं आणि चौथ्या पाइपानंतर, पहिल्या खड्ड्याच्या अलीकडे, अंगठ्याने आपोआप उडी मारली. पेटी निघाली.

तुलना इथेच थांबवतो. आत्याचं दळण पहाटेचं, रोजचं आणि सक्तीचं होतं, आमचा खेळ पाच रुपयांची चैन. दोन्हींना एका ओळीत बसवणं हा तिच्यावर अन्याय होईल. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की काही आठवणींचं घर हातात असतं आणि त्या हाताला ठरावीक लय लागते. लय बदलली की आठवण दिसत नाही. ती पुसलेली नसते, पण दारही उघडत नाही.

खेळण्याविषयी थोडं. हातात धरायच्या यंत्रांचा वंश गुनपेई योकोई यांच्यापाशी जातो. बाणांच्या जागी अधिक-चिन्हाच्या आकाराचं बटण त्यांनी १९८२च्या ‘डाँकी काँग’च्या हातातल्या खेळात आणलं, आणि १९८९चा ‘गेम बॉय’ही त्यांचाच. नवं तंत्र न शोधता जुनं, स्वस्त झालेलं, मुरलेलं तंत्र नव्या जागी वापरायचं, हे त्यांचं सूत्र होतं. पुतण्याचं पाचशेच्या आतलं खेळणं त्या सूत्राचं टोक आहे: अख्खं फॅमिकॉम काळ्या डांबरी ठिपक्याखालच्या एका चिपात. आपल्याकडे गेम बॉय फारसा दिसलाच नाही. जत्रेत मिळणारा विटा रचायचा ‘ब्रिक गेम’ हेच आमचं हातातलं यंत्र. म्हणजे मारिओ हातात घेणं हे माझ्या पिढीसाठी पुनर्भेट नाहीच. ओसरीवर एक जण खेळे आणि आठ जण सांगत, ‘‘अरे दाब, दाब, आता!’’ तो कोलाहल खेळाचा भाग होता. कीर्तनात टाळकरी असतात तसा. खेळण्यावर मान खाली, पडदा तीन इंचांचा आणि मागून कुणी पाहू शकत नाही. मी अकरा वेळा पडलो ते खरं तर एकट्याने पडलो. पुतण्या शेजारी होता, पण त्याला फक्त माझा चेहरा दिसत होता.

या खेळात मागे जाता येत नाही, हेही त्या खेळण्यावर मला नव्याने जाणवलं. पडद्याची डावी कड ही भिंत आहे. एकदा पुढे सरकलात की राहिलेलं नाणं गेलं ते गेलं. ओसरीवर हे कधी खुपलं नाही, तेव्हा मागे कुणाला जायचं होतं?

आता अडचण सांगतो, आणि ती पद्धतीची आहे. जुन्या यंत्राचा ॲडॉप्टर आठवडाभरात जळला. मधल्या काळात मी रोज रात्री खेळण्यावर खेळत राहिलो. गेल्या महिन्यात लक्षात आलं की मी तिसऱ्या टप्प्यात पडत नाही. हात साठला जुळत चालला आहे. कुणालाही याचा आनंद व्हावा, पण माझ्यापाशी जो एकमेव पुरावा होता, पन्नासच्या लयीने घडलेला हात, तो मी स्वतःच खोडत होतो. जुन्या पानावर नवी शाई चढवणाऱ्या नकलकाराला मी इतकी वर्षं नावं ठेवली, आणि तेच करत बसलो. टीव्हीवर परत खेळलो असतो तर किती उरलं आहे ते कळलं असतं. ॲडॉप्टर मिळायला दिवाळी उलटेल असं दुकानदार म्हणतो.

तोवर वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर असं यंत्र आणि चालणारा जुना टीव्ही असेल तर एक करावं. कॅसेट लावा, मारिओ सुरू करा आणि हलू नका. ४०० ते शून्य किती वेळ लागतो तो कागदावर लिहा. यंत्राचं नाव, कॅसेटचा रंग, घेतलेलं गाव आणि अंदाजे साल लिहून तो कागद त्याच खोक्यात ठेवा. सगळी यंत्रं पन्नासची होती असं मी एका खोक्यावरून म्हणणार नाही. कोल्हापूरचं वेगळं निघेल, नागपूरचं वेगळं. आणि मोजून होईपर्यंत खेळू नका. मी खेळणं कपाटात ठेवलं आहे. पुतण्याला बॅटरी फुगली म्हणून सांगितलं, ते खरं नाही.